पाच किलोच्या खालचं

लातूरच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या फाटकाशी
साठ टनी वजनकाटा.
जमिनीखाली त्याचे आठ सेन्सर,
माझ्या टेबलावर त्यांचे आकडे:
गाडी, वेळ, भरलेलं, रिकामं.
सकाळी नऊला मी ते निवडायला बसतो
तूर निवडावी तसे,
खडे बाजूला, फोल बाजूला.

शंभर किलोच्या आतलं सगळं फोल,
हा नियम मीच घातलाय.
कुत्रं चढतं, डुकरं फिरतात,
एखादा हमाल बिडी ओढत टेकतो.
त्यांचा धंद्याशी काय संबंध?

मग अश्विनात पुण्याहून शेठचा फोन.
"संदिपान, ही अडतिसावी गाडी कुठली हो?
रात्री दोन-दहा. एकशेपाच किलो.
नंबर नाही, माल नाही,
आणि माझी सरासरी खाऊन बसलीय."

गाळलेल्यांचा ढीग उपसला.
दर रविवारच्या रात्री, दोनच्या पुढे-मागे,
पस्तीस.
पस्तीस.
काटा पाचाच्या पायरीनं चढतो,
मधलं त्याला दिसत नाही.
श्रावण गेला पस्तिसात,
महालक्ष्म्या जेवून गेल्या, तरी पस्तीस.
घट बसले त्या आठवड्यात चाळीस
आणि त्याच मिनिटाला, खालच्याच ओळीत,
एकशेपाच.

संध्याकाळी वॉचमन व्यंकटला विचारलं.
तो हातातलं कुलूप उघडझाप करत राहिला.
"पद्मीनला गोळ्या चालू हैत, सायेब. सहा महिन्याच्या.
दवाखान्यातली ताई म्हणली, वजन बघत जावा.
दिवसा लोक बघत्यात. म्हणून रातच्याला."
आणि एकशेपाच?
"चाळीस आलं की हो!
मग मीबी चढलो."

डॅशबोर्डवर हिरवा म्हणजे आवक,
लाल म्हणजे तूट.
बराच वेळ मी रंगांची यादी वरखाली करत बसलो.

शेठला कळवलं, वासरू होतं, मोकाट.
नियम बदलला: दोनशेच्या आतलं सगळं फोल.
सरासरी जागेवर आली.
कंपाउंडची भिंत वाढवा, असा मात्र मेल आला.

आता दर सोमवारी, चहाच्या आधी,
मी पहिल्यांदा फोलच उघडतो.
चाळीस.
चाळीस.
दिवाळी होऊन गेली, अजून चाळीस.

काल फाटक लावता लावता व्यंकट म्हणाला,
"बांगड्या घट्ट होऊलाल्यात, सायेब."