बॅटरी खालीच राहिली

मी विहिरींची पातळी मोजतो, वर्षातून चार वेळा.
टेपच्या टोकाला शिशाचं वजन,
वहीत गाव, तारीख, मीटर.
मोर नदीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत
एकोणीस विहिरी माझ्याकडे.
त्यातल्या अकरांत आता वजन
पाण्याला नाही, दगडाला लागतं.
आवाजावरून कळतं.

शेनफडू नेहत्यांचा फोन आला तेव्हा
श्रावण सरत होता, तीन दिवसांची झड.
म्हणाले, "साहेब, जमीन बसली."
मी म्हटलं, भेगा असतील.
"बसली नाई हो. गेली."

केळीच्या मधोमध, सातव्या ओळीपासून बाराव्यापर्यंत,
गोल.
कुणी परकार फिरवावा इतका गोल.
कडेला नका जाऊ, रेमसिंग बारेला ओरडला,
आणि मागून माझा शर्ट धरूनच ठेवला त्याने.
मी पोटावर आडवा झालो आणि सरकत डोकावलो.

खाली केळी उभी होती.
पाच पुरुस खोल, अठ्ठावीस खोडं,
ना मोडलेली ना कललेली,
घडांवर निळ्या पिशव्या तशाच.
भरली परात हातावर धरून
कुणी जपून जिना उतरावं
तशी ती जमीन उतरली होती.
वर तुटलेली ठिबकची नळी लोंबत होती
आणि थेंब
बरोबर त्याच झाडांवर पडत होते.

मग भिंत.
आधी काळी, मग पिवळी, मग चुनखडीचे खडे,
त्याखाली गोटे, एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले,
म्हणजे इथून नदी जात होती
केळीच्या आधी, शिवाराला नाव पडायच्या आधी.
वाळूच्या थरात एक शिंपला.
उन्हाची तिरीप आली तेव्हा चमकला, मग नाही.
चोवीस वर्षं या जमिनीत टेप सोडतोय,
तिला कुशीवरून आज पहिल्यांदा पाहिलं.
लाज वाटते सांगायला, शेनफडू शेजारी उभे असताना,
पण मला ते सुंदर वाटलं.

रेमसिंग रात्री गेला होता तुंबलेलं पाणी फोडायला.
पाणी एका जागी गोल गोल फिरत होतं,
म्हणून बॅटरी मारून वाकून बघितलं.
आवाज कसा झाला?
"म्हैस बसते ना, तसा."
फावडं गेलं, बॅटरी गेली, एक चप्पल गेली.
धरलेलं झाडही जायला लागलं तेव्हा त्याने झाड सोडलं
आणि नळ्या धरल्या, तीन-चार, मुठीत येतील तेवढ्या.
"ओरडलो नाई साहेब.
ओरडलो असतो तर कुनी पळत आलं असतं."

पहाटेपर्यंत तो बांधावर बसून राहिला,
येणाऱ्याला अडवायला.
बॅटरी खाली पेटलेलीच.
केळीच्या पानांना खालून उजेड,
एवढ्या मोठ्या काळोखात एक हिरवी खोली.
पाऊस त्या उजेडात शिरताना दिसत होता, म्हणाला,
शिरताना दिसतो, पोचताना नाही.

तलाठी आले. पंचनाम्याच्या कागदावर
अतिवृष्टी, गारपीट, वादळ, वीज.
याला रकाना नव्हता.
कुणीतरी जुन्या बोअरचं काढलं,
चारशे फुटांवर आटलेला, केसिंग उपसून विकलेला,
तोंडावर नुसता दगड ठेवलेला.
शेनफडू बघत राहिले जिथे तो दगड असायचा तिकडे.
तिथे आता हवा होती.
तलाठ्यांनी 'इतर' वर खूण केली.

भोवती बांबू रोवले, जुनी लुगडी बांधली.
तरी पोरं मोबाइल घेऊन येत,
ढेकूळ टाकत, कान देत.
दर दोन दिवसांनी बांबू हातभर मागे घ्यावे लागत.

पितृपक्षात घड पिकले.
कापायला उतरणार कोण?
संध्याकाळी वटवाघळं सरळ खाली जात
आणि त्या भोकातून
पिकल्या केळ्यांचा वास वर येई,
पार रस्त्यापर्यंत.

रेमसिंग अजून तिथेच कामाला आहे.
काठी टेकतो, थांबतो, मग पाय टाकतो,
ग्रामपंचायतीच्या सिमेंटवरसुद्धा.
विचारलं तर जमिनीबद्दल काही बोलत नाही.
"सेल नवे होते," म्हणतो.