सदतीस अंशावर

बाहेर सेहेचाळीस. एमआयडीसीच्या रस्त्यावर
डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, फ्रिजएवढ्या पेटीत, सदतीस.
मे महिन्यात अख्ख्या जळगावात
जिवाला बरं वाटावं असं तेवढंच एक ठिकाण,
आणि तिथे सुभान तडवीचा खांदा राहतो.

खांदा म्हणजे खांदा नाही.
फाटलेली कंडरा शिवताना झांबरे डॉक्टरांनी
कडेचा, टाकून द्यायचा तुकडा
बाटलीत घालून पाठवला. कणीएवढा.
संमतीपत्रावर डावा अंगठा आहे.
उजवा हात तेव्हा झोळीत होता.

त्या कणीचे आता लाखो झालेत.
दोन दिवसांआड त्यांना गुलाबी पाणी पाजते,
मग जिलेटिनच्या लगद्यात कालवून
सुईतून काचेवर सोडते:
एक धागा, त्याला लागून एक, वरून आडवा.
आई म्हणाली, हे तर कुरडईचं काम.
आई, कुरडई उन्हात घालतात.
ही वाळली की मेली.

एका टोकाला हाडाची भुकटी मिसळायची, दुसरं मऊच ठेवायचं.
मधल्या दोन मिलिमीटरांत
मऊ कुठे संपलं, कठीण कुठे लागलं
हे बोटाला कळता कामा नये.
तिथेच माझे सात तुकडे तुटले.

बुधवारी तो स्वतःच आला, सावद्याहून, एसटीने.
पिशवीत सहा केळी, डागाळलेली,
ट्रकमध्ये न चढणारी.
"कुठी हाये माह्यं?"

काचेतून दाखवलं.
दोन चिमट्यांमध्ये पांढुरका दोरा,
मोटर त्याला ओढते, सोडते,
ओढते, सोडते.
"वढता कायले?"
ओढ नसली तर पेशी कुठेही तोंड करून बसतात,
ओढ लागली की एका दिशेला वळतात.
"सुरतले सहा वरीस होतो मी," तो म्हणाला.
"खोलीत आठ जन. रातच्याले समदे
उगवतीकडे तोंड करून निजायचो."

किती वेळ ओढता, त्याने विचारलं.
आठ तास. मग सोळा तास आराम.
मोटर एकदा ताणून सैल झाली.
"आराम बी लिहेल हाये त्यात?"
लिहिला आहे. वहीत. माझ्याच अक्षरात.
"अठरा वरीस घड वाह्यले. पंचवीस किलोचा एक.
माह्या खांद्याले ही वही कोनी दाखवली नाही."

मी घाईने दुसरं काही सांगू लागले:
हा लगदा पुढे विरघळतो, पेशी आपले धागे आपण विणतात,
परांची असते तशी, काम झालं की नाहीशी...
"पिलबाग," तो म्हणाला.
"घड उतरला की माय कापायची, बुडखा ठेवायचा.
पिल त्याच्यावरच पोसतं."
चार वर्षं मी हे चित्रं काढून समजावते आहे
पाहुण्यांना, पैसे देणाऱ्यांना.

"मंग माह्यात कधी बसवशाल?"

आधी ससे. मग मेंढ्या. मग समित्या, कागद,
दहा वर्षं, कदाचित जास्त.
तोवर तुमचा खांदा...
वाक्य मी पुरं केलं नाही.
त्यानेही नाही.
उजवा हात वर नेऊन दाखवला, कानापर्यंत,
तिथून पुढे जात नाही.

साडेपाचला वीज गेली.
पंखा, मोटर, हिरवे आकडे, सगळं एकदम.
अंधारात त्याने पेटीच्या दारावर तळवा टेकला,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि मला, दोन पदव्या असून,
हात काढा असं म्हणवलं नाही.

जनरेटर धडधडला. छत्तीस पूर्णांक नऊ.
मोटरने आठवून आठवून
पुन्हा ओढलं.

तो गेल्यावर वही उघडली.
सतरा एकतीस, वीज बंद, अकरा सेकंद, नमुना ठीक.
ओळीत अजून जागा होती.
केळी, सहा, असं लिहिलं.