डाव्या कानाची बाजू

लष्करात नोव्हेंबर लागला की
ट्रेझरीच्या गच्चीवर दुपारी आम्ही बायका उन्हाला बसतो.
मटार सोलणाऱ्या एका भिंतीशी, विणणाऱ्या दुसऱ्या.
टाक्याला इथे सगळ्या फंदा म्हणतात.
मीही घरी टाका म्हणते, ऑफिसात फंदा,
मोजते मात्र मराठीतच,
आणि मधेच कुणी महागाई भत्त्याचं विचारलं
तर तोंडाने उत्तर,
बोटांनी एकोणीस, वीस, एकवीस.

बाजारची लोकर विणून विणून एक दिवस वाटलं,
धागाही आपलाच हवा.
मिथिलेश भदौरिया म्हणाली, पागल झालीस.
पण तिनेच डबऱ्याहून आणून दिली
मेंढीची लोकर, खताच्या पोत्यात,
गोखरू, लेंड्या, वाळकं गवत सगळ्यासकट.
तीन रविवार धुतली. बादलीतलं पाणी चहासारखं.
पिंजली ती कुत्र्याच्या ब्रशने.
घरभर मेंढीचा वास. श्रीरंग म्हणाला,
"हिचंही ताट मांडायचं का?"

चाती केली कॅरमच्या स्ट्रायकरची,
मधोमध भोक, त्यात जुनी सलाई.
पहिला आठवडा ती नुसती पडत होती.
खालच्या मजल्यावरचे तेलंग येऊन विचारून गेले,
काही तुटलं का.
मग एका संध्याकाळी, कुकर लावून उभी असताना,
बोटांतला पुंजका आपणहून लांबला,
पीळ वर चढत आला
वाळत घालायच्या दोरीवरून मुंगी निघते तसा,
आणि लक्षात आलं, मी श्वास धरून ठेवलाय.
सोडला.
धागा नाही तुटला.

हातचा धागा सारखा नसतो.
इथे जाड आहे: तिसरी शिट्टी.
इथे गाठ: वीज गेली होती.
इथे हातभर अगदी एकसारखा,
तेव्हा काय चाललं होतं आठवत नाही,
म्हणजे बरं चाललं असावं.

त्याची टोपी विणली. अमक्यासाठी असं नाही.
श्रीरंगला टोचली, मला आखूड.
साडेपाचला, किल्ला सोडा, समोरचा खांबही दिसत नाही
अशा धुक्यात रामनिवास दुधाच्या किटल्या घेऊन येतो,
डोक्याला टॉवेल बांधून.
त्याला ती बसली.

दहा दिवसांनी म्हणाला,
भाभी, टोपी झकास आहे,
फक्त डाव्या कानाकडून हवा येते.

मी पातेलं धरून उभी.
डाव्या कानाकडचा म्हणजे तिसरा गुंडा.
तो मी हॉस्पिटलच्या बाकावर कातला होता,
श्रीरंगला स्टेंट घातला त्या रात्री,
हातांना काही काम हवं म्हणून.
इतका बारीक धागा
मला त्याआधी जमला नव्हता, नंतरही नाही.
जणू आत कुणी झोपलंय
आणि आवाज करायचा नाही.

"द्या इकडे, ती बाजू उसवून परत विणते."
त्याने टोपीवर हात ठेवला.
"थंडी सरल्यावर.
आत्ता दिली तर सगळंच डोकं गार पडेल."
आणि खिशातून कापसाचा बोळा काढून
डाव्या कानात घातला,
किटल्या उचलल्या, गेला.

आत श्रीरंग घोरत होता.
स्ट्रायकर ओट्यावर, डब्यांच्या मागे.
गॅस पेटवला, दूध वर येईपर्यंत
हातभर कातलं.
जाडसर.