चोविसाव्या महिन्याची नोंद

सिंदेवाहीच्या पुढे डांबर संपतं.
बोडीच्या पाळीवरून गाडी पहिल्या गिअरमध्ये न्यावी लागते.
डिकीत व्हर्नियर, स्पिरिट, कापूस
आणि बेचाळीस जणांची यादी.
नावं नाहीत, क्रमांक. नीतिमत्ता समितीने तसं लिहून घेतलंय.
अकरा जणांचे फोन लागत नाहीत.
दोघे गेले.
एक सुरतेला.

सदतीस क्रमांक पानठेल्यात बसलेली असते,
पंचफुलाबाई, वय एकेचाळीस.
पन्नीत सुपारी, चुना, तंबाखू,
पाटीवर तळहाताचा जोर,
आणि तो खस्‌-खस्‌ आवाज
जो मला कधी कधी ऑपरेशन थिएटरातही येतो.
सोडला ना?
"खात नाई डॉक्टर. विकतो.
नाई विकलो तं खाऊ का?"

आली तेव्हा तोंड नऊ मिलिमीटर उघडायचं.
भाताची शितं बोटानं आत ढकलायची.
गाल आतून सुंभासारखे पिळलेले.
आम्ही ते पट्टे कापले
आणि गालातच खोल दडलेली चरबी
चिमट्याने, न फाटू देता, ओढून
जखमेवर पसरली.
तान्ह्या लेकराचे गाल दूध ओढताना आत जाऊ नयेत
म्हणून ती असते, असं पुस्तकात आहे.
मी हे तिला टाके काढताना सांगितलं होतं.
"मंजे मायच्या दुधाची शिल्लक," ती म्हणाली,
ओठ न हलवता.

दुसऱ्या गटाला कारखान्यातला पडदा लावला.
कोणता जास्त टिकतो, एवढाच आमचा प्रश्न.
कोणाला काय, ते संगणकाने ठरवलं.

सुट्टी देताना प्रत्येकाला आइस्क्रीमच्या काड्या.
दातांत थप्पी धरायची, दिवसातून पाचदा,
जमेल तशी एकेक वाढवायची.
बहुतेकांच्या काड्या चुलीत जातात,
आणि तोंड परत मिटत जातं,
महिन्याला एखादा मिलिमीटर,
घरच्यांनाही कळू न देता.

तिच्या काड्या खिळ्याला टांगलेल्या, निळ्या रबरात.
शेजारी दुसरी जुडी.
ही कोणाची?
"गिऱ्हाइकाची."

खर्रा मागणाऱ्याला आधी काड्या.
आ कर.
बसतील तितक्या मोजते, मग पैसे घेते.
बिडीच्या खोक्याचे पुठ्ठे काढून दाखवले:
झिबल बावीस. दसरू एकोणीस, मग अठरा, मग सतरा.
मन्साराम चौदा.
गिरणीवाल्याचा पोट्टा अकरा.
तारखेसकट. अठरा महिने. एकही महिना सुटलेला नाही.
माझ्या तक्त्यात एवढं भरलेलं पान नाही.

फोटो काढून सरांना पाठवले.
उत्तर आलं: काड्यांची जाडी प्रमाणित नाही.
मोजणारी व्यक्ती प्रशिक्षित नाही.
शिवाय तीच विकते.
तिन्ही खरं.

"अकरावाला बुधवारी येऊन राहिला तुमच्याकडे," ती म्हणाली.
"त्याले देनं बंद केलो मी.
थो आता शाळेपाशी जाते, सुकरूच्या ठेल्यावर.
सुकरूजवळ काड्या नाईत."

मोजलं. वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत
चौतीस.
"एकवीस काड्या," तिनं व्हर्नियर न बघता सांगितलं.
मग फॉर्म: तिखटाने जळजळ, शून्य ते दहा.
"जळते."
किती लिहू?
"मिरची भाजून, मीठ लावून खातो. डोळ्यात पानी येते.
लय दिवसानं आलं."
दहात नेमकं कुठे बसवायचं ते मला सुचेना.

फाइल मिटली तसा तिनं हात पुढे केला,
दुसऱ्या जुडीसकट.
"आता तुमी."
खिशातली गोड सुपारीची पुडी
शर्टातून दिसत असावी.
रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून फक्त, असं मी सांगणार होतो,
पण तोवर दातांत लाकूड होतं.

सत्तावीस.
दसरूच्या खाली तिनं लिहिलं: डाक्टर.
पेन्सिल कानामागे खोवली
आणि विचारलं,
पुढच्या महिन्यात कोनत्या तारखेले.