टिंब, दोन टिंबं

उद्यमनगरात, भट्टीच्या मागं, पत्र्याची खोली.
कॉम्प्युटरवर एक फोल्डर: साचे.
मालक म्हणाले, आत काय काय आहे, यादी काढ.

सीमध्ये विचारलं.
तिथं दार आपण उघडायचं, एकेक नाव हातात घ्यायचं,
निघताना दार आठवणीनं ओढून घ्यायचं.
पहिलं आलं एक टिंब: मी स्वतः.
मग दोन टिंबं: ज्याच्या पोटात मी आहे, तो.
मग पंपाची बॉडी, गियर, गुऱ्हाळाचा चरक मोठा.

पायथननं टिंबं गाळली,
बाकी सगळं एका दमात पुढ्यात ओतलं,
शिरोली नाक्यावर एसटीत चढतात तशी नावं, रांग नाही.
जावात चार ओळी नमस्कार-चमत्कारातच गेल्या.
पर्लमध्ये दोनदा चुकले.

सी म्हणते एकशे चव्वेचाळीस,
बाकीच्या एकशे बेचाळीस.
टिंबं वजा केली. जुळलं.

तेवढ्यात स्टोअरचे बाळगोंडा
बाटली भरायला आले. चष्मा कपाळावर सारून
स्क्रीनला नाक लावलं.
"चरक लहान कुठाय ह्यात?
गडहिंग्लजला दिलाय त्यो, पंधरा वर्सं झाली,
आणलाच न्हाई कुणी.
आन् त्या गियरचा एक दात मोडलाय.
लिवलंय का कुठं?"

नव्हतं लिहिलेलं.
पाणी भरून ते गेले. माठाचं झाकण उघडंच.

मी एक रिकामी फाईल केली,
वजनाला शून्य, नाव चरक-लहान,
आणि पहिल्यापासून यादी काढली.

मालकांना सांगितलं:
एकशे त्रेचाळीस.