एकशे ऐंशी नंबर

आधी वास गेला.
काजूच्या टरफलाचं तेल, जे बावीस वर्षं
साबण, राख, चिंचेचं पाणी, कशालाच दाद देत नव्हतं,
ते एका मंगळवारी माझ्या बोटांवरून उतरलं.
क्षणभर बरंच वाटलं.

मग ताप. मग कुडाळला त्या गोल यंत्रात
हात डोक्यामागे घेऊन निजवलं.
'श्वास धरा,' काचेपलीकडचा मुलगा म्हणाला.
त्यानं स्वतःचाही धरला होता.

स्कोअर सात, पंचवीसपैकी.
'मावशी, वाचलात,' म्हणत डॉक्टरांनी पान उलटलं,
आणि परत मागे उलटलं.
दोन फुफ्फुसांच्या मधोमध काहीतरी होतं
जे करोनाचं नव्हतं.
बत्तीस मिलिमीटर.

मिलिमीटर मला कळत नाहीत. बोटांनी दाखवा म्हटलं.
त्यांनी चिमूट उघडून धरली.
एकशे ऐंशी नंबरचा गर! एक्स्पोर्टचा माल.
टेबलावर आला असता तर न बघता
वेगळ्या ट्रेमध्ये टाकला असता मी.
छातीतला कळला नाही.

लिम्फोमा. आंतोनला ऐकू आलं फिलोमिना.
त्याच्याच ओमनीतून बांबोळीला जायचो.
पत्रादेवीच्या नाक्यावर आधी कागद:
निगेटिव्ह असाल तर पलीकडे,
पलीकडे गेलात तर सलाईन.
म्हणून दोन दिवस आधी वेंगुर्ल्यात नाकात काडी,
मेंदूपर्यंत जाते असं वाटायचं.

तिसऱ्या खेपेला पॉझिटिव्ह.
ताप नाही, खोकला नाही. दहा दिवसांनी पुन्हा.
पुन्हा.
झिलू खळ्यातून विचारायचा, 'रिपोर्ट इलो काय गो?'
आणि माझं तोंड बघून गुरांना पाणी दाखवायला जायचा.

डॉक्टरबाई फोनवर समजावत होत्या:
औषधानं गाठीबरोबर राखणाऱ्या पेशीही नेल्या,
विषाणूला हाकलणारं आत कुणी उरलं नाही.
हे मला लगेच कळलं.
आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फिरतो,
त्याच्या वहाणा झिजतात, लोक नव्या नेऊन ठेवतात.
माझ्या आतला अनवाणी बसला होता कुठेतरी.

सत्तेचाळीस दिवस.
तो आला नसता तर गाठ दिसली नसती.
तो गेला नाही म्हणून गाठीचं औषध थांबलं.
त्याला नारळ द्यावा की शिवी,
झिलू म्हणतो, दोन्ही दे. नारळ फोडूनच दे.

आज नाक्यावर पोलिसानं कागद दोन बोटांत धरला,
मोठ्यानं वाचलं: रेवती झिलू मोचेमाडकर, वय बावन्न, निगेटिव्ह.
मागच्या ट्रकवाल्यानंही ऐकलं.
काच खाली होती. कपाळावरचा घाम पुसायला
हात वर नेला, आणि तेल.
चार महिने फॅक्टरीचं तोंड पाहिलं नाही
तरी तेल, तसंच, करपट, नाकात चढणारं.
'आंतोन, गाडी थांबव,' म्हटलं.
त्याला वाटलं उलटी.

बांबोळीला पुन्हा ते गोल यंत्र.
पाकळी झाली असेल, तुकडा झाला असेल, कणी.
वाटेभर मी अंगठा आणि तर्जनी
मिटतेय, उघडतेय.