आरशाचं कपाट

कपाटाचं दार हल्ली आपोआप उघडतं.
विजेच्या बिलाची घडी करून मी फटीत खोचते,
दर महिन्याला नवी.
दुरुस्तीवाला म्हणाला, बिजागरी गेली, बाय, विकून टाका,
भंगारात किलोवर घेतात.
मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

रायबंदरच्या धक्क्यावर हे कपाट उतरलं तेव्हा
मी चौथीत होते.
किंमत नऊशे चाळीस.
आई साड्यांना फॉल लावायची, साडीमागे दीड रुपया,
म्हणजे सहाशे सत्तावीस साड्या.
हा हिशेब मी पुष्कळ नंतर केला,
ऑफिसातल्या एका न संपणाऱ्या मीटिंगमध्ये,
कागदाच्या कोपऱ्यावर.
आठ आणे उरतात.
त्या आठ आण्यांचे तिनं धक्क्यावर चणे घेतले होते,
म्हणजे हिशेब बरोबर असणार.
टेम्पोचं भाडं बाबांनी दिलं
आणि चतुर्थीपर्यंत ते दिल्याचं सांगत राहिले.

फेरीबोटीत आधीच चिऱ्यांचा ट्रक.
शाबलोचा टेम्पो मावेना,
तेव्हा चौघांनी कपाट उचलून नुसतंच डेकवर उभं केलं
आणि काथ्यानं कठड्याला बांधलं,
म्हशीला बांधतात तसं.
साखळी खणखणली, फळी वर आली,
आणि मधोमध नदीत
वाऱ्यानं आरशावरचा खाकी कागद फाडला.

मांडवी आत शिरली.

आम्ही चोडणकडे तोंड करून उभे,
आणि समोर रायबंदर लहान होत चाललेलं,
चर्चचा पांढरा तुकडा, बांधावरचे दिवे, एक सायकल,
सगळं डाव्याचं उजवं झालेलं.
पाण्याला मात्र डावं-उजवं नव्हतंच.

पिएदादनं तिसऱ्यांची पाटी खाली ठेवली
आणि केसांतली अबोली नीट केली.
पोस्टातल्या कामतांनी दात तपासले.
ट्रकच्या क्लीनरनं टोपी काढून स्वतःकडे पाहिलं,
मग ती तिरकी घातली.
त्या पोराला इतका देखणा मी पुन्हा कधी पाहिला नाही.
रांगच लागली, कुणी सांगितल्याशिवाय.
वरच्या केबिनमधून आंतोन ओरडला,
"रावात मरे, हांवूय येतां!"
आणि फेरी दोन मिनिटं नुसतीच तरंगत राहिली असेल,
किंवा मला तसं वाटलं.

कुणाचा तरी बोकड होता.
त्यानं आरशातल्या बोकडाकडे बघून शिंगं खाली केली,
तेव्हा आई मध्ये येऊन उभी राहिली,
आरशाकडे पाठ करून, हात पसरून,
थेट चोडणचा धक्का लागेपर्यंत.

रात्री मी विचारलं, तू बघितलंस का आत, नदी?
ती म्हणाली, चणे संपवलेस सगळे?

आता पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर,
इथून नदी दिसत नाही.
दिसते समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी
आणि तिच्यावर रोज भांडणारे दोन कावळे.
आरशाला खालून तांबूस डाग चढलेत,
गुडघ्यापर्यंत, जणू भरती.
आईच्या साड्या मी कधीच वाटून टाकल्या;
वरच्या कप्प्यात डांबरगोळ्यांचा वास आहे
आणि फॉलची एक गुंडाळी, मोरपंखी,
कुणाच्या साडीची ते आता कोण सांगणार.

आज नवं बिल आलं.
घडी केली, पण खोचली नाही.
खुर्ची ओढून समोर बसले.
दार सुटलं, सावकाश, फेरी सुटते तसं,
आणि आरशातून एकेक गोष्ट सरकत गेली:
दोरीवरचा परकर, भिंतीवरचं कॅलेंडर,
सोललेल्या लसणीचं ताट, खिडकीभर ऊन,
त्या उन्हात माझाच खांदा,
आईसारखा एका बाजूला उतरलेला.
कठडा नव्हता, तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणी भोंगा द्यावा
तशी कुकरची शिट्टी झाली.
तिसरी असेल. किंवा चौथी.
मोजायचं राहूनच गेलं.